वावरात जाणाऱ्या गाडीची घरगुती कामं : गोठ्याच्या बाजूचं गॅरेज, मडगाट, लाईट अन् कॅरिअर

मॉडिफिकेशन म्हटलं की पोट्ट्यांच्या डोळ्यासमोर पहिले येते तो फटाके फोडणारा सायलेन्सर, मंग जाडजूड टायर, मंग शोधावी लागते अशी वर वळवलेली नंबर प्लेट. ते इथं नाही भाऊ. इथं त्या गाडीबद्दल बोलून राहिलो जी सकाळी दुधाच्या कॅन घेऊन जाते, दुपारी पांदणीनं वावरात, अन् रात्री विजेची लाईन आली की पाण्याची मोटर चालू करायले परत वावरात. शंभर सीसीची कोणतीही साधी गाडी धरा, आमच्याकडं दर दुसऱ्या घरी स्प्लेंडर आहे म्हणून उदाहरणं तिचीच येतील.

एक हिशोब पहिले पक्का करा. जे पान्यानं बसते अन् पान्यानंच परत निघते तेवढंच घरी करायचं. चेसिस कापा लागते, मेन वायरिंगचा गुच्छा तोडा लागते, असं काम आलं की सोडून द्यायचं. यात कायद्याचंही आहे, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगते की कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी बनवायची नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच उचलून धरलं, अन् त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा एकेका बदलाले ५ हजार दंड नाहीतर ६ महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन्ही, असं आहे. म्हणून इंजिन, चेसिस, सायलेन्सर, टायरची साईज याले हातच लावायचा नाही. खाली जे सांगतो ते सगळं एका दुपारी काढून गाडी होती तशी करता येते.

पहिले जागा

गाडीच्या आधी जागेचं बोलतो, कारण अर्धी कामं जागा नाही म्हणूनच बिघडतात. आपल्याकडं गाडी राहते पडवीत नाहीतर गोठ्याच्या बाजूच्या टिनाच्या शेडात, खाली शेणानं सारवलेली जमीन, अन् सांडलेला नट एकदा त्या मातीत गेला की पुढच्या पेरणीलेच सापडते.

काळ्या मातीवर डायरेक्ट काँक्रीट टाकू नका. बरेच लोक टाकतात, पहिल्या उन्हाळ्यातच मधून तडा जाते अन् मंग मिस्त्रीले शिव्या. मिस्त्रीची चूक नसते प्रत्येक वेळी, काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते अन् उन्हाळ्यात आकसून भेगाळते, वावरात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात तेच तुमच्या फरशीखाली पण होऊन राहिलं ना. म्हणून ती माती दीड फूट तरी काढून टाकायची, मुरूम भरायचा, अन् तो पण एकदम नाही, अर्धा अर्धा फुटाचा थर टाकून पाणी मारून धुम्मसानं ठोकायचा. त्याच्यावर ४ इंच काँक्रीट. सगळ्या शेडाले पैसे नसतील तर फक्त गाडीपुरता ८ बाय ४ फुटाचा ओटा करा, साधी गाडी २ मीटर लांब राहते म्हणजे त्यात बसते अन् बाजूले बसून काम करायले थोडी जागा उरते. एक घमेलं सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी या हिशोबानं एवढ्या ओट्याले सिमेंटचे दोन पोते लागतात. भिंतीले चिटकवू नका, बोटभर फट ठेवा. दाराकडं इंच-दीड इंच उतार द्या म्हणजे गाडी धुतलेलं पाणी बाहेर जाईल. अन् कमीत कमी सात दिवस पाणी, गोणपाट ओला करून टाकून ठेवा, उन्हाळ्यात केलं तर दिवसातून तीनदा तरी पाहा लागते, नाहीतर वरचा थर भुगा होऊन उडते.

टिनाचं म्हणाल तर मे महिन्यात आपल्याकडं ४५ च्या वर पारा जाते, टिनाखाली दुपारी पाना उचलला तर चटका बसते. टिनावर चुन्याचा पांढरा हात मारला तर बराच फरक पडते, पहिल्या पावसात धुऊन गेला तरी चालते, तोवर उन्हाळा निघून गेला राहते. हिरवी नेट बांधायची असेल तर टिनाले चिटकवून नाही, फूटभर वर बांधा, मधून हवा खेळली तरच थंडावा. काही जण टिनावर पऱ्हाट्या नाहीतर कुटार टाकतात. गोठ्यावर एक वेळ ठीक, पण जिथं पेट्रोल उघडायचं तिथं वर वाळलेलं काही नको बाप्पा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड राहते, ती खाली जमिनीलगत पसरते, म्हणून वरच्या खिडकीनं भागत नाही, खालून पण हवा जायले दार उघडं पाहिजे. कार्बोरेटर उघडताना, टाकी काढताना बिडी नाही, चूल नाही, अन् तो चालू-बंद होणारा लूज होल्डरचा बल्ब तर बिलकुलच नाही.

लाईटच्या वायरिंगचं एकच सांगतो. गोठ्याजवळची जमीन ओलसर, अन् आपण अनवाणी. घरातून ओढलेल्या एक्स्टेन्शनवर ग्राइंडर चालवायचा असेल तर त्या लाईनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या अन् अर्थिंग खरी आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. हे काम स्वतः करायचं नाही.

हत्यारांत पैसे घालायचे तर रिंग पाने चांगले घ्या, ८ पासून १७ पर्यंत, फिरता पाना कमी वापरा, तो नटाचे कोने खाऊन टाकते. पेचकस दोन, पक्कड, नोज पक्कड, हवा मोजायचं गेज, अन् साधा डिजिटल मल्टिमीटर. मल्टिमीटर दोन-चारशेत येते अन् त्याच्यासारखी कामाची वस्तू दुसरी नाही, पुढं लाईटच्या कामात कळेलच. नट-बोल्ट ठेवायले फवारणीच्या औषधाचे जुने डबे वापरू नका, कितीही धुतले तरी नाही. ढेप अन् सरकीचे पोते त्याच शेडात असतील तर उंदीर येणारच, अन् उंदराले ढेपेपेक्षा वायरचं कव्हर जास्त आवडते असं दिसते, म्हणून पोते दुसरीकडं हलवा नाहीतर गाडी. जुलै ते सप्टेंबर हातमोजे अन् हेल्मेट झटकल्याशिवाय घालायचे नाही, विंचू कधी बसून राहील सांगता येत नाही.

मडगाट वर उचलणे

हे खरं आपल्या भागाचं काम. पावसाळ्यात पांदणीनं शंभर पावलं गेलं की काळा चिखल पुढच्या चाकात अन् मडगाटात असा ठासून भरते की चाक फिरणंच बंद, मंग काडी घेऊन उकरत बसा, पुन्हा शंभर पावलं, पुन्हा उकरा. वैतागून बरेच जण मडगाटच काढून टाकतात. तसं करू नका. एक तर सगळा चिखल तोंडावर, इंजिनावर अन् प्लगवर येते, अन् दुसरं म्हणजे मडगाटाखालची लोखंडी कमान फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, दोन्ही नळ्यांले एकमेकांशी बांधून ठेवते, ती काढली की हँडल चिखलात जास्तच वळवळते.

त्यापेक्षा मडगाट इंचभर वर घ्या. २५ एमएम रुंद अन् ३ एमएम जाड लोखंडी पट्टी घ्या, तिचे ६० एमएमचे चार तुकडे, प्रत्येकाले दोन छिद्रं, दोन्हीच्या मधात २५ एमएम अंतर. कानस मारून कोने गोल करा, रेडऑक्साईड मारा, वाळू द्या. मडगाट फोर्कवर चार बोल्टांनी बसलेलं राहते, बहुतेक गाड्यांले १० चा पाना लागते. बोल्ट काढले की पट्टीचं खालचं छिद्र फोर्कच्या कानाले, वरचं छिद्र मडगाटाच्या कमानीले, मधात वायसर, अन् नट नायलॉकचाच, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला, साधा लावला तर आठवड्यात पडते. ब्रेकची केबल अन् मीटरची केबल आधी होती त्याच क्लिपमधून गेली पाहिजे, ओढल्यासारखी वाटली तर क्लिप थोडी ढिली करा.

आता खरी परीक्षा. मडगाट चाकासोबत वर-खाली होते, म्हणजे तुम्ही इंचभर वर घेतलं तर गाडी खड्ड्यात आदळल्यावर ते वर हॉर्नले नाहीतर फोर्कच्या खालच्या ब्रॅकेटले लागू शकते. ते पाहायले मडगाटाच्या माथ्यावर, बरोबर हॉर्नच्या खाली, ओल्या कणकेचा दोन बोटं उंचीचा गोळा ठेवा. गाडीवर दोघं बसा, पुढचा ब्रेक दाबा अन् सगळा जोर देऊन चार-पाच वेळा पुढचं शॉकअप दाबा. मंग गोळा पाहा. होता तसाच असेल तर काम झालं. थोडा चपटा झाला असेल तर अजून बोटभर जागा आहे, पण खड्ड्यात गाडी हातापेक्षा जास्त आदळते हे धरून पट्टीतलं अंतर ५ एमएमनं कमी करा. पापड झाला असेल तर पट्टी काढा, तुमच्या गाडीले हे जमत नाही. हॉर्न बाजूले सरकवता आला तर एकदा परत पाहता येते.

मडगाटाच्या आतल्या अंगाले जुनं इंजिन ऑईल चोपडायची पद्धत आहे, चिखल चिकटत नाही म्हणून. चिकटत नाही खरं, पण ते थेंब थेंब टायरवर अन् ड्रममध्ये उतरते, मंग ब्रेक लागत नाही. चोळायचंच तर मेणबत्ती चोळा. अन् मागची चेनकव्हर काढायच्या भानगडीत पडू नका, चिखल साचते म्हणून काढतात, पण मागं बसलेल्या बाईचा पदर नाहीतर आपलाच दुपट्टा चेनमध्ये गेला तर काय होते ते गावात कोणीतरी पाहिलेलंच राहते.

रात्रीचा लाईट

रात्रपाळीची लाईन असली की दोन वाजता वावरात जा लागते, अन् पांदणीवर मधातच रानडुक्कर नाहीतर रोही (नीलगाय) उभा. कंपनीच्या हेडलाईटमध्ये रोही दिसेपर्यंत तो जवळ आला राहते. म्हणून जास्तीचे दोन एलईडी लावायचे.

पहिले आपली गाडी कशी आहे ते ओळखा. जुन्या गाड्यांमध्ये हेडलाईट बॅटरीवर नसते, मॅग्नेटवर डायरेक्ट एसी करंटवर राहते, रेस दिली की उजेड वाढते, सोडली की मिणमिणते. अशा होल्डरात एलईडी बल्ब टाकला की तो फडफडते नाहीतर लवकर जाते, दुकानदार मंग म्हणते बल्ब खराब होता. एप्रिल २०१७ नंतरच्या नव्या गाडीत हेडलाईट इंजिन चालू झालं की आपोआप लागते, ती बंद करायले जास्तीचं बटन बसवू नका. अन् २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत फ्युएल इंजेक्शन आलं, तिच्या सेन्सरच्या अन् ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) वायरींले टोचे मारायचे नाही, आपली लाईन वेगळी, डायरेक्ट बॅटरीपासून.

मल्टिमीटर काढा. इंजिन चालू करून मधली रेस द्या अन् बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट पाहा, साडेतेरा ते साडेचौदाच्या मधात पाहिजे. तेवढे येत नसतील तर आधी बॅटरी अन् चार्जिंग पाहा, लाईट नंतर. ठीक असेल तर १० वॅटचे दोन लाईट बस झाले, २० वॅटले १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच्या आत करंट लागते अन् ते शंभर सीसीची गाडी झेपवते. साठ वॅटची लांब पट्टी लावणाऱ्याची बॅटरी पोळ्यापर्यंत टिकत नाही, अन् समोरून येणाऱ्या बंडीवाल्याले दिसणं बंद होते ते वेगळंच.

जोडणी अशी. पहिले बॅटरीची मायनस काढा, लावताना मायनस शेवटी. प्लसपासून दीड एमएमची वायर काढा, अन् बॅटरीपासून वीतभराच्या आतच ५ अँपिअरचा फ्यूज, पुढं कुठं वायर घासून चेसिसले लागली तर तो फ्यूज जाईल, गाडी नाही. तिथून वायर रिलेच्या ३० नंबरले (रिले म्हणजे बटनाच्या थोड्या करंटवर लाईटचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी, तिच्या पिनांवर हे नंबर राहतात). ८७ मधून लाईटच्या प्लसले. ८५ चेसिसले, पण रंग खरवडून चकचकीत लोखंडाले. ८६ मध्ये चावी चालू केल्यावरच करंट येते अशी वायर, मधात हँडलवरचं बटन. चावीची वायर रंगावरून ओळखू नका, कंपनी-मॉडेलनुसार रंग बदलतात, मल्टिमीटरनं पाहा, चावी बंद शून्य, चालू बारा, तीच. लाईटची मायनस बॅटरीच्या मायनसले आणली तर सगळ्यात चांगलं.

जोडाले नुसती काळी चिकटपट्टी गुंडाळू नका, आपल्या मे महिन्यात तिचा गोंद पातळ होऊन हाताले लागते अन् पट्टी सुटून लोंबकळते. सोल्डर करा, वरून हीट श्रिंक नळी चढवा. शेवटी हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं फिरवून पाहा, कोणती वायर ताणते का, कोणती चेपते का. हे करायले विसरलं की वळणावर लाईट जाते.

लाईट हँडलवर नाही, खाली लेगगार्डवर लावा, धुक्यात अन् धुळीत वरून टाकलेला उजेड आपल्याच डोळ्यात परत येते. संध्याकाळी शाळेच्या भिंतीपासून २५ फुटावर गाडी उभी करा, उजेडाचा मधला ठिपका लाईटच्या उंचीपेक्षा थोडा खाली पडला पाहिजे. डांबरी रस्त्यावर आलं की बटन बंद, पोलिसांनी अडवलं तर तेव्हा काही सांगायले तोंड राहिलं पाहिजे ना.

मोबाईलचा चार्जर याच लाईनीवर येते, झाकणवाला घ्या, वेगळा फ्यूज टाका, झालं.

कॅरिअर अन् वजन

फवारणीचा पंप १६ लिटरचा, भरला की पाणीच १६ किलो, वर पंपाचं वजन. तो भरून मागच्या टोकावर बांधला की पुढचं चाक हलकं होते अन् चढावर हँडल हातात राहत नाही. पंप रिकामा न्या, वावरात भरा. जड सामान नेहमी खाली, बाजूले अन् मागच्या चाकाच्या मधापेक्षा पुढं.

बाजूचं कॅरिअर वेल्डिंगवाल्याकडून बनवायचं असेल तर गाडी तिथं नेऊन मापं द्या, पण वेल्डिंग गाडीवर नको, वेगळं बनवून बोल्टानं बसवायचं. गाडीवरच टाका मारायची वेळ आली तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्याशिवाय मारू देऊ नका, अन् टाकी काढून दूर ठेवा. बोल्ट घ्यायचे ते मागच्या पकडायच्या दांडीचे अन् शॉकअपच्या वरच्या टोकाचे, इंडिकेटरच्या देठाले काही लटकवायचं नाही. सायलेन्सरच्या बाजूनं चार बोटं जागा ठेवा, नाहीतर पोत्याले चटका बसून भोक पडते. बसवून झालं की मागं उभं राहून पाहा, लाल लाईट, दोन्ही इंडिकेटर अन् नंबर प्लेट पूर्ण दिसते का.

बांधायले जुन्या ट्यूबच्या पट्ट्या सगळ्यात भारी, दोरीपेक्षा घट्ट राहतात, फक्त सुटं टोक आत खोचा, ते चाकात गेलं तर गाडी जागच्या जागी थांबते. अन् औषधाची बाटली जेवणाच्या डब्यासोबत एका पिशवीत कधीच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं आपली किती माणसं गेली ते विसरायसारखं नाही, औषधासाठी झाकणाचा वेगळा डबा कॅरिअरच्या बाहेरच्या अंगाले ठोकून घ्या.

बाकी किरकोळ. कागदाचा एअर फिल्टर रॉकेलनं धुऊ नका, तो झटकायचा अन् वेळेवर बदलायचा, कापूस वेचणीच्या धुळीत कंपनीनं सांगितलं त्याच्या आधीच बदला. चेन डिझेल अन् ब्रशनं साफ करून ९० नंबरचं गिअर ऑईल, पावसाळ्यात दर आठवड्याले. हवा सकाळी गाडी थंड असताना भरा, किती ते गाडीच्या पुस्तकात नाहीतर चेनकव्हरच्या स्टिकरवर राहते. पुढचं चाक उचलायचं असेल तर मेन स्टँडवर लावून मागच्या कॅरिअरवर रेतीचं पोतं ठेवा, चाक आपोआप वर येते. उन्हाळ्यात टाकी फुल केली की फुटते हा मोबाईलवरचा मेसेज दरवर्षी फिरते, ती अफवा आहे, इंडियन ऑईलनंच तसं सांगितलेलं आहे. फक्त तोंडापर्यंत ठासून भरू नका, उन्हात उभी राहिली की पेट्रोल झाकणातून झिरपते.

नवीन बसवलेली प्रत्येक वस्तू शंभरेक किलोमीटर चालवून झाली की परत कसायची, पट्टी असो की लाईट की कॅरिअर. अन् कसून झालं की नट अन् बोल्ट दोन्हीवरून एक सरळ रेघ नेलपॉलिशनं ओढा. रोज पाना लावत बसा लागत नाही, रेघ तुटलेली दिसली की समजायचं नट सरकला. घरातून मागूनच घ्या, न विचारता नेली तर वेगळीच रेघ ओढली जाईल, अन् लाल रंगाची घ्या, काळ्या चिखलात तीच लवकर दिसते.